दगड बसवणारे भाऊराव

निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं भाऊराव रणपिसे यांनी आपल्या सोसायटीचे पेव्हर ब्लॉक नीट करण्यात घालवली. कुणी सांगितलं नव्हतं. मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या त्या सोसायटीत कमिटीने कंत्राटदाराकडून ब्लॉक बसवून घेतले होते, आणि त्यावरून चालताना टकटक वाजायचं. वाजणारा दगड भाऊरावांच्या डोक्यात जायचा. सकाळचा चहा झाला की ते पहार घेऊन खाली उतरायचे, एकेक ब्लॉक उपटायचे, खालची दगडाची बारीक कच सारखी करायचे आणि पुन्हा बसवून त्याच्यावर उभे राहून बघायचे. शेवटचा ब्लॉक बसला तेव्हा त्यांच्या बायकोला, चंपाबाईंना, खरी काळजी लागली. "आता काय उकरणार तुमी?" त्यांनी विचारलं.

भाऊराव मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. तिकडे पाऊस कमी, दगड उदंड. त्यांचे वडील शेताच्या उतारावर ताल घालायचे, म्हणजे माती अडवायला रचलेला दगडी बांध. त्यात चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. ती विद्या हातात घेऊन भाऊराव विशीत मुंबईला आले, महापालिकेच्या रस्ते खात्यात बिगारी म्हणून लागले आणि अडतीस वर्षांनी मुकादम होऊन बाहेर पडले. या काळात त्यांनी उपनगरांत किती फुटपाथ आणि किती नाल्यांच्या भिंती बांधल्या त्याचा हिशोब नाही, पण त्यांना प्रत्येक जागा आठवत होती. बसमधून जाताना खिडकीकडे बोट करून ते सांगायचे, "ही कड माझी." चंपाबाई मैत्रिणींना सांगायच्या, "आमच्यात नवरा-बायको फिरायला जातात म्हंजे दगड बघायला जातात."

त्यांना एकच मुलगी, श्रुतिका. प्राणिशास्त्रात बीएस्सी झालेली. तिने बँकेत लागावं असं भाऊरावांना फार वाटत होतं. दोनदा तिने परीक्षा दिली, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही. ती खाऱ्या पाण्याच्या टाक्यांच्या कामात पडली. लोकांच्या घरात, दवाखान्यात, ऑफिसात काचेच्या मोठ्या टाक्या असतात. त्यांत नदीतले नव्हे, समुद्रातले रंगीत मासे. त्या टाक्या मांडून द्यायच्या आणि दर आठवड्याला जाऊन त्यांची निगा राखायची. स्कूटीवर बादल्या आणि पाइप लटकवून ती घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत हिंडायची. नातेवाइकांनी विचारलं, की भाऊराव म्हणायचे, "खाजगीत आहे."

"काय करते?"

"पाण्याचं काम."

समोरचा समजायचा, प्लंबिंगचा काहीतरी धंदा असेल. भाऊराव खुलासा करायचे नाहीत, कारण तो त्यांनाही नीट करता आला नसता.

जानेवारीतल्या एका दुपारी श्रुतिका घरी आली ती बादली दारातच टाकून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. कोपरापर्यंत हात खारवलेले, केस ओले.

"वाट लागली," ती म्हणाली. "सामंतांच्या टाकीतला ढीग कोसळला."

देवव्रत सामंत हे तिचं जुनं गिऱ्हाईक. जहाजावर इंजिनियर होते, आता निवृत्त होऊन मुलुंडलाच राहायचे. त्यांच्या हॉलमध्ये पाच फुटी टाकी होती. त्या टाकीत श्रुतिकाने दगडांचा डोंगर रचला होता, तो सकाळी घसरला आणि वरचा मोठा दगड समोरच्या काचेला टेकला. काच फुटली नव्हती. फुटली असती तर चारशे लिटर खारं पाणी सामंतांच्या सोफ्यावर आलं असतं.

"फोटो दाखव," भाऊराव म्हणाले.

त्यांना टाकीत रस नव्हता, दगडात होता. त्यांनी चष्मा लावला, कोसळण्याच्या आधीचा फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. दगडाचं बोलणं निघालं की त्यांची भाषा थेट गावाला जायची.

"ह्यो वरचा दगुड बसल्याला न्हाई. ठिवल्याला हाय. आन् खाली काय हाय, वाळू?"

"वाळू आहे. आणि त्यात एक कोळंबी आहे, बोटाएवढी. ती दिवसभर उकरत असते. तिनेच पाया पोखरला."

भाऊराव हसले. रस्ते खात्यात त्यांनी निम्मं आयुष्य घुशींशी भांडण्यात घालवलं होतं. फुटपाथ खचला, की खाली घूस असायची. "म्हंजे ही पाण्यातली घूस. चल, मी येतो."

श्रुतिकाने आईकडे बघितलं. चंपाबाईंनी मान हलवली. त्या मान हलवण्यात, यांना कुठेतरी घेऊन जा बाई, एवढाच अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सामंतांकडे पोचली. मासे एका टबात काढून ठेवले होते, दगड दुसऱ्या टबात. दोन्हीकडे हवेचे पंप बुडबुड करत होते. श्रुतिकाने हॉलमध्ये टाकीच्या मापाचा पुठ्ठा पसरला. आधी बाहेर रचून बघायचं, जमलं की मग आत. भाऊरावांना ही पद्धत पटली. त्यांनी पहिला दगड उचलला आणि थबकले.

"एवढा हलका?"

"भोकं आहेत त्याला, स्पंजासारखी," श्रुतिका म्हणाली. "त्या भोकांत जंतू राहतात. माशांची घाण तेच खातात, म्हणून पाणी चांगलं राहतं. ह्याला आम्ही जिवंत दगड म्हणतो. सुकला की आतलं सगळं मरतं. मग तोच दगड पाणी सडवतो."

"म्हंजे दगुड मरतो."

"मरतो."

भाऊरावांनी या गोष्टीवर थोडा विचार केला आणि मग कामाचं तेवढं बोलले, "मग भिजतं फडकं दे. झाकून ठिवू."

दुसरा दगड त्यांनी उलटा केला तेव्हा त्याच्या भोकातून तुरीच्या डाळीएवढा एक खेकडा निघाला आणि त्यांच्या तळहातावरून चालू लागला. भाऊरावांनी हात स्थिर ठेवला. आयुष्यात त्यांनी दगडाखालून विंचू काढले होते, साप काढले होते, पण दगडाच्या आतून कुणी आलं नव्हतं. खेकडा मनगटापर्यंत आला. श्रुतिकाने त्याला चिमटीत धरून टबात सोडलं. त्यानंतर दगड टेकवताना भाऊरावांचा हात नकळत हळू पडू लागला.

मग मात्र ते कामात बुडाले. दगडाचं बूड कुठलं, तोंड कुठलं ते बघायचं, फिरवून फिरवून जागेवर आणायचा, फट राहिली तर बारकी चीप सारायची. जेवायलाही उठले नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला काम झालं. पुठ्ठ्यावर अडीच हात लांब आणि हातभर उंच असं बांधकाम उभं होतं. भाऊरावांनी त्याला वरून थाप मारली. खडासुद्धा हलला नाही.



"मजबूत आहे हं," देवव्रत सामंत सावकाश म्हणाले.

त्यांची आई, जयंतीकाकू, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. सकाळपासून त्या खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्यांना आडपडदा ठाऊक नव्हता. "ह्यो तर गडगो झालो," त्या म्हणाल्या. "आमच्या माडाच्या बागेक असोच आसा. ढोरां आत येव नयेत म्हणान. माश्यांका जावूक-येवूक वाट खंय?"

भाऊरावांनी मुलीकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"पप्पा, पाणी सगळीकडून खेळलं पाहिजे," ती हळूच म्हणाली. "मागे कोंडलं तर घाण साचते. माशांना लपायला जागा लागते. हे म्हणजे... नाल्याची भिंत झाली."

नाल्याच्या भिंतीत भाऊरावांना कमीपणा कधीच वाटला नव्हता. पण त्या क्षणी तो शब्द लागला. त्यांनी एकेक दगड काढला, टबात सोडला, हात धुतले. जयंतीकाकूंनी चहा पुढे केला आणि विचारलं, "तुमचो गाव खंयचो?"

"माण."

"थंय पाणी नाय म्हणतत."

"नाही," भाऊराव म्हणाले. "दगड आहेत."

 संध्याकाळी जेवताना त्यांनी दोनदा मीठ मागितलं, आणि दोन्ही वेळा घातलं नाही. श्रुतिका दुसऱ्या खोलीत गेल्यावर चंपाबाईंनी ताट ओढता ओढता विचारलं, "काय झालं?"

भाऊरावांनी सांगितलं. सांगताना शेवटी म्हणाले, "माझ्या बांधकामाला नावं ठिवली पोरीनं."

चंपाबाई त्याच भागातल्या. लग्नाआधी त्यांनीही तालीवर दगड वाहिले होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाची ताल पाणी अडवायची का माती?"

"माती."

"आन् पाणी?"

"पाणी झिरपून पल्याड जायचं."

"मग तुमी नाला कशापायी बांधला तितं?"

भाऊराव बडीशेप चघळत राहिले. पण ते बोलणं त्यांनी ऐकून घेतलं होतं.

दगड टबात चार-पाच दिवस सहज टिकणार होते, त्यामुळे घाई नव्हती. शनिवारी ओहोटी सकाळी लवकर होती. श्रुतिका त्यांना स्कूटीवर घालून वांद्र्याला घेऊन गेली. तिथे किनाऱ्याला वाळू नाही, काळा खडक आहे. पाणी ओसरलं की तो लांबपर्यंत उघडा पडतो. भाऊराव मुंबईत चाळीसहून अधिक वर्षं होते. दर सहा डिसेंबरला दादरला जायचे, तेव्हा समुद्र दिसायचा. त्याच्या इतक्या आत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, ते कधी उतरले नव्हते.

"शेवाळावर पाय देऊ नका," श्रुतिका म्हणाली.

एका डबक्यापाशी ते उकिडवे बसले ते बसूनच राहिले. पाण्यात मोठा दगड दोन लहान दगडांवर रेलला होता आणि तिसऱ्या बाजूने खडकाला टेकला होता. खाली पोकळी. त्या पोकळीत एक मासा आत-बाहेर करत होता. दगडाच्या कडेला शंख चिकटलेले, आणि सावलीच्या अंगाला हिरव्या बटणांसारखं काहीतरी, जे बोट जवळ नेलं की मिटत होतं. भाऊरावांनी मोठ्या दगडावर पंजा ठेवून जोर लावला. हलला नाही. मग शेजारचा बघितला, मग त्याच्या पलीकडचा. दोन तास ते असे दगडांना ढकलत फिरले. सकाळचे फिरायला आलेले लोक वरच्या रस्त्यावरून बघत होते.

"काय कळलं?" श्रुतिकाने विचारलं.

"ह्यात एक सांधा सरळ न्हाई," भाऊराव म्हणाले. "पण परतेक दगुड तीन ठिकाणी टेकलाय. तीनच्या वर टेकू लागतच न्हाई. मी आपला समदीकडनं टेकवत बसलो."

परतताना त्यांची पँट मांड्यांपर्यंत भिजली होती आणि खिशात एक रिकामा शंख होता. तो श्रुतिकाने त्यांना परत जागेवर ठेवायला लावला. कुठल्यातरी खेकड्याला घर लागतं, ती म्हणाली.

सोमवारी ती दोघं पुन्हा सामंतांकडे गेली. भाऊरावांनी आधी टाकीतली वाळू सगळी काढायला लावली. पाया थेट तळाला, काचेला खरचटू नये म्हणून मध्ये प्लास्टिकची जाळी, वाळू नंतर. मग दगड मांडले. एक ढीग डावीकडे उंच, दुसरा उजवीकडे बुटका, मध्ये वाट. डाव्या ढिगाच्या पोटात गुहा, आणि तिच्यावर एक चपटा दगड छज्ज्यासारखा पुढे आलेला. श्रुतिका सांगायची, इथे प्रकाश हवा, इथे प्रवाह हवा. भाऊराव म्हणायचे, थांब, दगड काय म्हणतो बघू. दोनदा त्यांचं वाजलं. तिला छज्जा आणखी चार बोटं पुढे हवा होता.

"पडंल," ते म्हणाले.

"पुट्टी लावू ना सांध्याला."

"पुट्टीच्या जिवावर दगुड ठिवायचा नसतो गं. आधी बसवायचा, मग पुट्टी."

छज्जा दोन बोटं पुढे आला. तिथे दोघांचं जमलं. जयंतीकाकू खुर्चीतून हे भांडण मन लावून ऐकत होत्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, "च्याय टाक गो. आज वेळ लागतलो."

टाकीत दगड बसले, वाळू पसरली, पाणी भरलं, गढूळ निवळायला वेळ लागला. भाऊरावांनी देवव्रतना बाह्या वर करायला सांगितलं. "साहेब, तुम्ही जहाजावरचे. ढकलून बघा."

देवव्रतनी हात आत घातला, वरचा दगड दाबला, मग जरा चेवाने हलवून बघितला. "नाही हलत," ते म्हणाले, आणि यावेळी ते सावकाश म्हणाले नाहीत.

मासे सोडले. नारंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी गुहेत शिरून लगेच बाहेर आली, मग पुन्हा शिरली. शेवटी कोळंबी सोडली. ती सरळ डाव्या ढिगाच्या बुडाशी गेली आणि नांग्यांनी वाळू बाहेर ढकलू लागली. भाऊराव काचेला नाक लावून बघत होते.

"उकर," ते तिला म्हणाले. "काय उकरायचं ते उकर."

श्रुतिकाने त्या दिवशी फोनवर व्हिडिओ काढला होता: टाकी, पाणी, आणि त्यात एका म्हाताऱ्या माणसाचे जाड बोटांचे हात, दगड फिरवून फिरवून बसवताना. तिने तो टाक्या ठेवणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. आठवड्यात अंधेरीहून फोन आला, मग गोरेगावहून. लोक टाकीबद्दल विचारण्याआधी विचारायचे, "ते काका येतील ना?" काका यायचे. स्कूटीवर मागे बसून, मांडीवर बादली धरून. गिऱ्हाइकाशी ते फार बोलायचे नाहीत. घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंना, निधी शहांना, दोन्ही बाजूंना अगदी एकसारखे ढीग हवे होते, देवघरातल्या समयांसारखे. भाऊरावांनी त्यांचं ऐकून घेतलं, एकसारखे रचून दाखवले आणि बाजूला उभे राहिले. बाईंनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "नको, तुमच्या मनासारखं करा."

रविवारी विहारात बसलेल्या ओळखीच्या लोकांत कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर आता उत्तर अर्धा तास चालायचं. जंतू, भोकं, प्रवाह, तीन टेकू. ऐकणारे कंटाळून चपला शोधायला लागायचे.

अडचण होती ती दगडांची. ते प्रवाळाचे असतात, समुद्रातले प्रवाळ काढायला कायद्याने बंदी आहे, आणि श्रुतिका त्या बाबतीत कडक होती. जुने दगड कुणी टाकी मोडली तरच मिळायचे. एकदा ती म्हणाली, बाहेरच्या देशांत लोक सिमेंटचे दगड घरी करतात, शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ मिसळून. पाण्यात मीठ विरघळलं की भोकं पडतात. पण सिमेंट आठवडेच्या आठवडे पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर माशांना बाधतं.

सिमेंट हा शब्द ऐकून भाऊराव ताठ बसले. सिमेंटला पाणी पाजणं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिल्या खेपेचे दगड विटांसारखे झाले, दुसऱ्या खेपेचे हातात भुगा झाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी साच्याऐवजी ओल्या वाळूत वेडेवाकडे खड्डे केले आणि त्यात माल ओतला. ते जमलं. दोन महिने दगड गोड्या पाण्याच्या पिंपात राहिले. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदललं. मग बाल्कनीत खाऱ्या पाण्याचा टब, पंप, वर दिवा, आणि नव्या दगडांत विरजणासारखा एक जुना जिवंत तुकडा. चंपाबाईंची कपडे वाळत घालायची दोरी हॉलमध्ये आली. त्या त्याबद्दल रोज एकदा बोलायच्या, पण पंप बंद पडला तर आधी त्यांनाच कळायचं.

चार महिने काही झालं नाही. दगडांवर तपकिरी शेवाळ आलं, ते गेलं, मग हिरवं आलं. भाऊराव सकाळ-संध्याकाळ टबाशी उकिडवे बसायचे. श्रुतिका म्हणायची, पप्पा, बघत बसल्याने वाढत नाही. गुलाबी थर चढायला लागला की समजायचं दगड लागला, म्हणजे जिवंत झाला, तोवर थांबायचं.

सप्टेंबरात एका सकाळी ते पेपर वाचत होते. बाल्कनीतून चंपाबाईंचा आवाज आला. त्या टबाच्या कडा पुसायला बसल्या होत्या, आणि आता हातात घासणी होती.

"अवो, ह्या दगडाला काय लागलंय? निघंना."

भाऊराव पेपर टाकून उठले. चष्मा लावला, वाकले. करड्या सिमेंटवर, एका भोकाच्या कडेला, जांभळट गुलाबी ठिपका होता. त्यांनी घासणी बायकोच्या हातातून काढून घेतली आणि श्रुतिकाला फोन लावला. ती बोरिवलीत कुणाच्यातरी टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभी होती. फोन स्पीकरवर होता.

"बोला पप्पा."

"गुलाबी हाय."

"किती?"

"बाजरीच्या दाण्याएवढं."

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. "नक्की?"

"तुझ्या मम्मीनं घासून बघितलं. निघालं न्हाई."

"तिला सांगा, अजिबात हात लावू नको."

"सांगितलं," भाऊराव म्हणाले. अजून सांगितलं नव्हतं. ते पुन्हा वाकून बघू लागले. शेजारच्या दगडावर आणखी एक ठिपका होता, किंवा असावा असं त्यांना वाटलं.

चंपाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "दगडाला हात न्हाई लावत," त्या म्हणाल्या. "पर माझी घासणी द्या की. कढई तशीच पडलीया."